गॅरेजात मोटार सोडून सारे काही

आमच्या घराला गॅरेज होते आणि त्या गॅरेजात मोटार कधीही उभी राहिली नाही, ही गोष्ट आमच्या आळीत सर्वांना ठाऊक होती. १९५८ साली अण्णांनी पुण्यात, डेक्कनच्या नदीकडच्या अंगाला, चार खोल्यांचे बैठे घर बांधले. नकाशा काढणाऱ्या गृहस्थांनी कोपऱ्यात दहा फूट बाय अठरा फुटांचा एक चौकोन आखला आणि त्यात ठसठशीत अक्षरात लिहिले, ‘मोटार’. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. सायकलीचा टायर बदलायचा तरी पहिली तारीख उजाडण्याची वाट पाहणारा माणूस तो. ते चौकोन खोडायला निघाले होते, पण आई म्हणाली, “राहू द्या हो. पुढेमागे येईलही.”

त्या काळी खिशात पैसे असणाऱ्यालासुद्धा मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आमच्याकडे नंबर लावण्याइतकेही पैसे नव्हते. मोटार आली नाही. मात्र घरातली मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही, हे ज्याने संसार केला त्याला सांगायला नको. पहिल्या पावसाळ्याआधी तेथे सरपण आले. मग आजोळचे घर मोडले तेव्हा जाते, पाटा-वरवंटा आणि उखळ आले. त्यामागोमाग बंब, घागरी, पितळी पिंप, अक्काच्या लग्नाचे पंचवीस पाट, मोडक्या आरामखुर्चीचा सांगाडा, होल्डॉल, ट्रंका आणि दर वर्षी ‘पुढच्या वर्षी उपयोगी पडेल’ म्हणून जपलेला आकाशकंदिलाचा सांगाडा. आमच्याकडे असले सात सांगाडे निघाले!

हे सारे बाहेर काढण्याची पाळी आली २०२४ च्या फेब्रुवारीत. घर पाडून तेथे इमारत व्हायची ठरली. बांधणाऱ्याने दोन महिन्यांची मुदत दिली. नव्या जागेत आम्हाला तीन खोल्या मिळणार, आणि मोटार ठेवायला लोखंडी पाळण्यासारखे वरखाली होणारे एक यंत्र. अडगळीला जागा शून्य. अक्का नागपूरहून आली. धाकटा भाऊ न्यू जर्सीहून तीन आठवड्यांची रजा काढून आला. एक्क्याण्णव वर्षांची आई गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसली आणि तिने एकच हुकूम सोडला.

“बाकी काय करायचं ते करा. आधी पाळणा काढा.”

माझ्या मुलीला मे महिन्यात दिवस पूर्ण होणार होते. या पाळण्यात १९५४ साली अक्का निजली होती, मग मी, मग धाकटा, मग आम्हा तिघांची मुले. पणतवंडही त्यातच निजावे, यापलीकडे म्हातारीचे दुसरे मागणे नव्हते. पाळणा सापडायला पाच मिनिटे लागली. तो वाशाला तारेने टांगलेला होता, पोत्यात गुंडाळलेला, वाळवीचा दातही न लागलेला. मात्र त्याच्या चार पितळी कड्या, मोराच्या आकाराच्या, जागेवर नव्हत्या. त्या शोधण्यात आमचे बावीस दिवस गेले. त्या बावीस दिवसांत गॅरेज या विषयावर आम्ही जे शिकलो ते गेल्या साठ वर्षांत शिकलो नव्हतो.

पहिला धडा धाकट्याने दिला. त्याच्या हिशेबी एका दिवसात थोडे थोडे उपसणे म्हणजे अडगळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणे. सगळे एकदम बाहेर काढायचे, रिकामी जागा डोळ्यांनी पाहायची आणि मगच एकेक वस्तू आत न्यायची. त्याप्रमाणे अंगणात ताडपत्र्या अंथरल्या. फेब्रुवारी हा महिना त्याला अगदी योग्य. थंडी ओसरलेली, हवा कोरडी, उन्हाला अजून धार नाही. पावसाळ्यात हे काम काढणारा माणूस ओल सोबत घेऊनच सामान पुन्हा बंद करतो.

दुसरी त्याची सूचना मात्र आईपुढे टिकली नाही. “वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही ती टाकायची,” तो म्हणाला. आईने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिले. “मग मला कधीच टाकायला हवं होतं. तू चार वर्षांनी आलायस.”

यावर कोण काय बोलणार?

पण धाकट्याची थट्टा करताना हेही सांगितले पाहिजे की अडगळीचा त्याचा अनुभव आमच्यापेक्षा मोठा. न्यू जर्सीत त्याच्या घराला दोन मोटारींचे गॅरेज आहे आणि दोन्ही मोटारी बाहेर बर्फात उभ्या राहतात. जानेवारीच्या पहाटे हा गृहस्थ काचेवरचा बर्फ खरवडत असतो आणि आत ऐटीत, उबेत, असते जुने गवत कापायचे यंत्र. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी या शतकाच्या आरंभी तिथल्या बत्तीस कुटुंबांची घरे आतून-बाहेरून तपासली आणि २०१२ साली त्याचे पुस्तक काढले. दर चार गॅरेजांपैकी तीन गॅरेजांत मोटार शिरायला जागाच नव्हती! अण्णांनी हे ऐकले असते तर त्यांना केवढे समाधान वाटले असते.

‘गॅरेज’ हा शब्द मूळचा फ्रेंच. ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ आसऱ्याला नेऊन ठेवणे. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्या जुन्या तबेल्यांत, गाडीखान्यांत ठेवीत. आसरा मोटारीलाच द्यावा असे शब्दाने कोठेही म्हटलेले नाही, हा मुद्दा मी धाकट्याच्या नजरेस आणून दिला.

आता आमचे गॅरेज आतून कसे होते ते सांगतो, कारण त्याची मांडणी आळशी माणसाची नव्हती. भिंतीवर, जमिनीपासून काही अंतरावर, अण्णांनी डांबराची एक आडवी रेघ मारलेली होती. ती १२ जुलै १९६१ ची. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. आमच्याकडे पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाचा जो पट्टा राहिला, त्याच्यावरच अण्णांनी रेघ ओढली आणि ठरवले की कागद, कापड आणि लाकूड या तीन वस्तू रेघेच्या वर. फळ्या ठोकल्या त्या रेघेच्या वरच. पाटबंधारे खात्यातला माणूस. पाण्याची उंची एकदा मोजली की विसरत नसे.

पण वर म्हणून त्यांनी सगळेच वर चढवले, पाटा-वरवंटासुद्धा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पुण्यात आम्ही अंथरुणातून उठून अंगणात आलो तेव्हा गॅरेजातून धाडकन आवाज आला. वरवंटा फळीवरून सायकलीवर पडला होता. सायकलीऐवजी खाली माणूस असता तर? दुसऱ्याच दिवशी नियम सुधारला. जड ते खाली, हलके ते वर, आणि दगडाला पाण्याचे भय नाही म्हणून दगडी वस्तू थेट जमिनीवर. एक पूर आणि एक भूकंप यांनी मिळून शिकवलेले हे शास्त्र आजही कोणत्याही गॅरेजाला, माळ्याला किंवा अडगळीच्या खोलीला जसेच्या तसे लागू पडते.

बिघडले ते पुढे. १९९४ साली अण्णा गेले आणि त्यानंतर आम्ही गॅरेजचे दार फक्त ढकलायला उघडले. काही नवे घ्यायचे, जुने आत ढकलायचे आणि दार लावून घ्यायचे. अण्णांच्या फळ्यांपुढे आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची एक भिंतच उभी राहिली. ताडपत्रीवर दोन काळ शेजारी शेजारी मांडले गेले तेव्हा शरम वाटली. अण्णांनी ठेवलेल्यातले बहुतेक सारे धड होते. आम्ही ठेवलेल्यातले निम्मे मातीमोल झाले होते.

पुठ्ठ्याचे खोके म्हणजे वाळवीला वाढलेले ताट. ही वाळवी जमिनीतून येते, उजेड टाळते आणि भिंतीवरून मातीची बारीक नळी बांधीत चढते. अण्णांच्या फळ्या भिंतीपासून चार बोटे सोडून होत्या त्या उगीच नव्हत्या. नळी चढू लागली की दिसायची आणि झाडूने मोडून औषध मारता यायचे. आम्ही खोकी भिंतीला चिकटवून थेट जमिनीवर ठेवली. माझ्या कॉलेजच्या वह्या, मुलांची प्रगतिपुस्तके आणि पन्नासेक दिवाळी अंक यांचे वरून खोके, आतून माती! हात लावला आणि कोसळले. अक्का रडली नाही, पण बराच वेळ त्या मातीत बोटे फिरवीत बसली. तिने माहेरी ठेवायला दिलेली पत्रे त्यातच होती.

लोखंडी ट्रंका मात्र विटांवर ठेवलेल्या होत्या. त्यांची बुडे गंजली, आतले कपडे वाचले. अक्काची एक पैठणी मात्र ट्रंकेत असूनही गेली, आणि तिचा दोष आमच्या सौभाग्यवतीकडे जातो. (हे तिच्या परवानगीने लिहीत आहे.) पंधरा वर्षांपूर्वी तिने ती मायेने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, वर डांबरगोळ्या टाकल्या आणि पुन्हा उघडली नाही. प्लॅस्टिकने आतली ओल आतच कोंडली. जर काळी पडली आणि ज्या घडीवर पैठणी वर्षानुवर्षे दुमडलेली होती त्याच रेषेवर रेशीम चिरले. आईच्या दोन पैठण्या जुन्या मलमलीत गुंडाळलेल्या, वर्षातून दोनदा उन्हाआड वाऱ्यावर टाकून घडी बदललेल्या. त्या आजही नेसता येतील.

डांबरगोळ्यांवरून आठवले. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते. तेव्हा गोळ्या तळाशी टाकून वर कपडे रचण्यात अर्थ नाही. त्या वर, कापडात बांधून, जरीला न लागतील अशा ठेवाव्यात. आणि त्या वासातले दुपटे तान्ह्या मुलाला कधीही तसेच गुंडाळू नये. काही मुलांच्या रक्ताला ती वाफ बाधते आणि कावीळ होते. आमच्या ट्रंकेतून निघालेली दुपटी मुलीने तीनदा धुतली, आठवडाभर वाळवली, आणि तरीही शेवटी पायपुसण्याला दिली. मी तिला दोष देत नाही.

नवव्या दिवशी घाबरायला लावणारी गोष्ट निघाली. रॉकेलचा अर्धा डबा, थिनरची बाटली आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून दोन-तीन दिवाळ्यांचे उरलेले फटाके. वर सिमेंटचा पत्रा, एप्रिलात आत पाऊल ठेववत नाही इतका ताप. इतकी वर्षे हे आमच्या निजायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे होते. धाकटा म्हणाला, त्याच्याकडे गॅरेजात पाणी तापवायचे यंत्र ठेवले तर त्याची ज्योत जमिनीपासून अठरा इंच वर असावी लागते, कारण पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते. आम्ही तर नियम सोडाच, विचारही केला नव्हता. या दिवाळीत उरलेले फटाके कोणी ‘पुढच्या वर्षी’ म्हणून ठेवू नयेत, एवढे हात जोडून सांगतो.

टॉर्च आणि ट्रान्झिस्टर यांची कथा थोडक्यात. सेल काढून ठेवलेला एक टॉर्च लागला. बाकी सर्वांच्या पोटात सेल फुटून हिरवा-पांढरा खार साचलेला.

कड्या मात्र सापडत नव्हत्या. आमच्या पिढीच्या खोक्यांपैकी पाचांवर एकच शब्द लिहिलेला होता, ‘किरकोळ’. हा शब्द ज्याने शोधला त्याला शिक्षा काय द्यावी ते मला सुचत नाही. त्या पाच खोक्यांत घड्याळाची किल्ली, परदेशी नाणी, शिवणयंत्राची बॉबिन, तीन कुलुपे, त्यांच्या नसलेल्या अकरा किल्ल्या, धाकट्याच्या मुंजीची लंगोटी आणि जमिनीच्या मोजणीचा मूळ नकाशा, ज्याची प्रत मिळवायला मी महिनाभर कचेरीचे उंबरठे झिजवले होते, ते सारे निघाले. खोक्यावर ‘किरकोळ’ लिहिणे म्हणजे आत काय आहे ते आपणच विसरायचे ठरवणे. धाकट्याने पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे आणले. चांगली वस्तू. फक्त आत जाणारे सामान हाडापर्यंत वाळलेले हवे. हवेतला दमटपणा शेकडा सत्तरच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात बंद केलेला डबा तो दमटपणा पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांभाळतो.

विसाव्या दिवशी आम्ही हरलो. धाकट्याची परतीची तारीख जवळ आली होती. मी आईला म्हणालो, “अगं, बाजारातून नव्या कड्या आणू. तांबट आळीत सांगितलं तर मोरसुद्धा करून देतील.” आई काही बोलली नाही. ती दुपारभर ताडपत्रीकडे पाहत बसली होती. संध्याकाळी चहा घेताना तिने विचारले, “अण्णांनी हे सगळं कशावरून लावलं होतं, कळलं का तुम्हाला?”

आम्ही तिघे गप्प.

“तुम्ही शोधताय पाळण्याजवळ. लहान मुलांच्या सामानात. ते तसं ठेवीतच नसत. लोखंड लोखंडात, तांबं तांब्यात, पितळ पितळेत. खात्याच्या गोदामात तसंच असायचं म्हणे.”

बावीस दिवसांत आम्ही त्या मांडणीत राहत होतो, पण तिचे सूत्र आमच्यापैकी एकालाही दिसले नव्हते. जन्मभर मजुरांचे मस्टर ओळ चुकू न देता लिहिणाऱ्या माणसाने आपल्या गॅरेजाची एक ओळ कोठे लिहून ठेवली नव्हती. त्यांना गरज नव्हती, अंधारातही त्यांचा हात बरोबर जाई. ते गेले आणि सामान जागच्या जागी राहूनही हरवले. तीस वर्षे आम्ही म्हणत होतो की गॅरेजात पसारा आहे. पसारा आमचा होता. त्यामागे एक नीट लावलेले गोदाम होते, फक्त त्याची किल्ली एकाच डोक्यात राहिली आणि त्या डोक्याबरोबर गेली. ती आईच्या आठवणीत थोडी उरली होती हे आमचे नशीब. आणखी दोन वर्षांनी हे काम काढले असते तर?

पितळेत म्हणजे पिंप, दोन हंडे आणि चार घागरी. पिंप आणि हंडे पहिल्या दिवशीच पाहिले होते. घागरींच्या तोंडांत झुरळे शिरू नयेत म्हणून चिंध्यांचे बोळे घट्ट बसवलेले होते आणि हलवून पाहिल्या तरी आवाज नव्हता, म्हणून आम्ही त्या रिकाम्या धरल्या होत्या. बाविसाव्या दिवशी सकाळी धाकट्याने सगळ्यात लहान घागरीचा बोळा सांडशीने ओढून काढला. आत आणखी कापड होते, आईच्या जुन्या पातळाचा पदर. तो बाहेर येऊ लागला तेव्हा त्यात गुंडाळलेले काहीतरी घागरीच्या काठाला ठणकन लागले.

चारही मोर होते. काळे पडलेले, पण एकाचीही चोच मोडलेली नव्हती. चिंचेने घासल्यावर अक्का हसत म्हणाली, “दादा, हे मला ओळखतात बघ.” तिने मला दादा म्हणायचे काही कारण नाही, मी तिच्याहून लहान आहे. पण त्या दिवशी सगळीच माणसे थोडी वेड्यासारखी वागत होती.

अंगणातल्या सामानापैकी फारच थोडे नव्या जागेत आले. जाते आणि उखळ ज्यांच्या अंगणात ठेवायला जागा आहे त्यांनी नेले. पाट शेजारच्या मंगल कार्यालयाने घेतले. सातही आकाशकंदील गेले. जे राहिले त्याची यादी मी दोन प्रती काढून केली, डब्यांवर क्रमांक घातले, एक प्रत कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आणि एक मुलीला दिली. धाकट्याने परत गेल्यावर आपल्या गॅरेजाचा फोटो पाठवला. एक मोटार आत आली आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल त्याने काही लिहिलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.

पणतू मेच्या अठरा तारखेला आला. भाड्याच्या जागेत छताला कडी नव्हती, म्हणून लोखंडी घोडा आणून त्याला पाळणा टांगला. बारशाच्या आदल्या रात्री मी पाळणा उलटा करून तळाच्या फळीवर पेन्सिलीने लिहिले, ‘कड्या काढल्या तर पिशवीत घालून येथेच बांधाव्यात.’ आईने चष्मा पुसून ते दोनदा वाचले.

“तारीख घाल,” ती म्हणाली.

मी तारीख घातली.